ऑरेगॉनच्या भूमिमूल्यकराची भाषा

हेन्री जॉर्ज यांचा ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा ग्रंथ १८७९ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे मोल समाजाच्या वाढीने वाढते, सबब कर त्या मोलावर बसवावा, श्रमाने उभारलेल्या घरादारावर नव्हे, हा त्याचा गाभा. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात विल्यम यूरेन आदी सुधारकांनी हा विचार मतपेटीपर्यंत नेला आणि तेथे तो पराभूत झाला. या पराभवाची मीमांसा हितसंबंधांच्या अंगाने करता येते, व ती खोटीही नव्हे. परंतु मसुद्यांच्या शब्दरचनेचा त्यातील वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९०८ चा मसुदा पाहावा. त्यात करमाफ वस्तूंची यादी आहे: राहती घरे, कारखाने, शेतीवरील सुधारणा. जमिनीवर कर बसवावा असे विधान त्यात पुढे येत नाही; जमीन वजाबाकीने उरते. अध्याहृत पद आपण वाक्याच्या संदर्भावरून भरून घेतो. येथे ते मतदाराने स्वतःच्या अनुभवावरून भरले. शेतकऱ्याच्या लेखी जमीन म्हणजे विस्तार, एकरांची मोजणी. सुधारकाच्या लेखी जमीन म्हणजे मोल. पोर्टलंडच्या भर बाजारातील एक चिंचोळा तुकडा कित्येक एकर शेतीहून अधिक मोलाचा, म्हणून कराचा भार शहराकडे सरकणार, हा युक्तिवाद ‘जमीन’ या एका शब्दात मावणारा नव्हताच. ज्याचे कुंपण व कोठार करमुक्त होणार होते, त्यालाच आपल्यावर घाला येतो आहे असे वाटले. प्रस्तावाच्या विरुद्ध जवळजवळ दुप्पट मते पडली.

इंग्रजीतील ‘प्रॉपर्टी’ हा शब्द घर व भूमी यांना एकाच पोटात घेतो. मराठी व्यवहारात घरपट्टी निराळी, शेतसारा निराळा. आपला ‘मालमत्ता कर’ हा मात्र त्या इंग्रजी शब्दाच्याच वळणाचा. जॉर्ज यांना जे दोन पदार्थ विलग करावयाचे होते, त्यांना जोडणाऱ्या शब्दाशीच त्यांच्या अनुयायांना झुंजावे लागले.

१९१० चा मसुदा अधिक धूर्त होता. त्याचे पहिले वाक्य डोईपट्टीस बंदी घालणारे. करआकारणी व करमाफी ठरविण्याचा कौंटीतील मतदारांचा अधिकार त्यामागून आला. हा प्रस्ताव अल्प मताधिक्याने संमत झाला. ही युक्ती समर्थनीय होती काय? आमच्या मते नव्हती. वाक्याचा आरंभ वाचकाचे लक्ष बांधून ठेवतो, हे ठाऊक असूनच ती योजिली होती आणि विरोधकांच्या हाती त्यामुळे फसवणुकीचा आरोप आयताच आला. १९१२ साली भूमिकराचे प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळले गेले. त्याच वर्षी कौंट्यांचा तो अधिकारही रद्द झाला. गंमत अशी की, रद्द करणाऱ्या दुरुस्तीतही डोईपट्टीची बंदी कायम राखली गेली. ऑरेगॉनच्या राज्यघटनेत ते वाक्य आजही आहे.