निजण्याच्या खोलीतील प्रयोगशाळा

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांची गोष्ट आम्ही शिक्षक-शिबिरांतून अनेकदा सांगितली. शिवणाच्या सुया घासून केलेली हत्यारे, घड्याळजीचा चिमटा, भावाने बनवलेली उबवणीपेटी आणि शेवटी १९८६ चे नोबेल. गोष्ट रंगायची, टाळ्याही पडायच्या. 'अपूर्णतेची स्तुती' अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे आत्मचरित्र (इटालियन १९८७, इंग्रजी १९८८) वाचल्यावर मात्र आपण ती अर्धीच सांगत होतो हे ध्यानात आले.

तुरीनच्या ज्यू घराण्यातील रिटा १९३६ साली डॉक्टर झाल्या. १९३८ च्या वंशकायद्यांनी त्यांना विद्यापीठाबाहेर काढले. त्यांचे गुरू ज्युसेप्पे लेव्ही यांचीही प्राध्यापकी गेली, आणि पुढे ते शिष्येच्याच खोलीत तिचे मदतनीस झाले! बॉम्बहल्ले वाढल्यावर प्रयोग खेड्यातल्या घरी हलले. फलित अंड्यांसाठी रिटा सायकलवरून शेतकऱ्यांची दारे फिरत. प्रयोगातून उरलेल्या अंड्यांचे आम्लेट होई. भावाला हे कळले तेव्हा त्याची आम्लेटवरची वासनाच उडाली.

शिक्षकांच्या कामाचा भाग पुढेच आहे. कोंबडीच्या गर्भातला पंखाचा कोंब कापला, की त्या बाजूच्या चेतापेशी कमी होतात, असे व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ मध्ये दाखवले होते. कोंबाकडून 'चेतापेशी व्हा' असा संदेश न मिळाल्याने त्या तयारच होत नाहीत, असा त्यांचा तर्क. रिटांनी वेगवेगळ्या दिवसांचे गर्भ रंगवून पेशी मोजल्या. पेशी तयार होतात, वाढू लागतात आणि मग मरतात, असे त्यांना दिसले. म्हणजे त्यांना जगवणारे काहीतरी त्या कोंबातून मिळत असले पाहिजे. चेतावृद्धी घटकाच्या शोधाचे बीज या मोजणीत आहे, सुयांत नव्हे. इटलीतली नियतकालिके ज्यूंना बंद, म्हणून हे काम बेल्जियममध्ये छापले गेले. ते वाचूनच हॅम्बर्गर यांनी त्यांना सेंट लुईसला बोलावले. १९४७ साली थोड्या महिन्यांसाठी गेलेल्या रिटा तिथे सुमारे तीस वर्षे राहिल्या. हॅम्बर्गर हेही जर्मनीत ज्यू म्हणून १९३३ साली नोकरीवरून काढलेले. नोबेलमध्ये त्यांचा वाटा नव्हता, याची चर्चा पुढे बरीच झाली.

अमेरिकेतल्या संशोधनाची प्रकरणे शाळकरी वाचकाला जड जातील, ती सरळ ओलांडावीत.

मुसोलिनीने आपल्याला हीन वंशाची ठरवले याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत, असे रिटा उतारवयात गमतीने म्हणत. तो त्यांचा अधिकार. आपण तीच गंमत वर्गात 'संकटाचे सोने' म्हणून खपवू नये. १९४३ च्या सप्टेंबरात जर्मन फौजा आल्या, तेव्हा हे कुटुंब खोट्या नावांनी फ्लॉरेन्समध्ये लपले, आणि प्रयोग बंद पडले. शहर सुटल्यावर रिटा निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर झाल्या. तिथे विषमज्वराची साथ होती, माणसे डोळ्यांदेखत मरत होती. रोग्यापासून मन अलग ठेवणे आपल्याला जमत नाही हे त्यांना तिथे कळले, आणि पुन्हा त्यांनी डॉक्टरकी केली नाही. आमच्या गोष्टीत ही छावणी कधीच आली नव्हती.