वेस्टर्न चित्रपटांचे पार्श्वसंगीत : भूमी, काळ आणि मौन

प्रस्तावना

चित्रपटसंगीत म्हटले की भारतीय रसिकाला प्रथम गीत आठवते. पार्श्वसंगीताचा स्वतंत्र विचार त्या मानाने कमीच होतो. हॉलिवूडच्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांनी मात्र पार्श्वसंगीताला गीताइतकी लोकप्रियता मिळवून दिली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशावर आधारलेल्या या चित्रपटांतील अनेक चाली मूळ चित्रपट न पाहिलेल्यांनाही परिचित असतात. परंतु एखादी चाल आवडणे आणि चित्रपटात तिने बजावलेले कार्य ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रेष्ठ वेस्टर्न संगीत दृश्याला केवळ साथ देत नाही, तर प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने उभे राहावे हेही ठरविते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात निवडक चित्रपटांच्या आधारे केले आहे.

भूमीचा नाद

जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्या संगीताचा पाया अमेरिकन लोकगीतांचा होता. प्रेक्षकांना ठाऊक असलेल्या चाली वाद्यवृंदासाठी बांधून चित्रपटाला प्रादेशिक रंग देण्यात आला होता. पुढील दोन दशकांत या पद्धतीच्या जोडीला विस्तीर्ण माळरानाचा भास निर्माण करणारी एक स्वतंत्र वाद्यवृंदशैली विकसित झाली. तिचा महत्त्वाचा स्रोत चित्रपटाबाहेरचा आहे. आरन कोपलंड यांच्या ‘बिली द किड’ (१९३८) आणि ‘रोडिओ’ (१९४२) या नृत्यनाट्यांच्या संगीतात दूरदूर ठेवलेले स्वर, मोकळी स्वरसंगती आणि अडखळत धावणारी लय आढळते. जेरोम मॉरॉस यांचे ‘द बिग कंट्री’ (१९५८) आणि एल्मर बर्नस्टाइन यांचे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) हे संगीत याच परंपरेतील आहे.

कोपलंड आणि मॉरॉस हे दोघेही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेले आणि बर्नस्टाइनही न्यूयॉर्कचेच. ज्या नादाला आज पश्चिमेच्या मातीचा नाद मानले जाते, तो बव्हंशी महानगरी संगीतकारांनी रचला. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. हे संगीत म्हणजे पश्चिमेविषयीची एक कल्पना आहे, तिची नोंद नव्हे, एवढेच यावरून स्पष्ट होते. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये अनेक दृश्यांची गती संथ आहे, तर संगीताची लय वेगवान आहे. प्रेक्षकाला जाणवणारा आवेग पडद्यापेक्षा वाद्यवृंदातून अधिक येतो. हीच चाल पुढे मार्लबोरो सिगारेटच्या जाहिरातीत वापरली गेली. कथेपासून तोडल्यानंतरही ती पौरुष आणि मोकळीक विकू शकली. तिच्या सामर्थ्याचा आणि तिच्यातील धोक्याचा हा एकाच वेळी पुरावा होय.

काळाचा ठोका

फ्रेड झिनेमन यांच्या ‘हाय नून’ (१९५२) या चित्रपटाचे संगीत दिमित्री तिओमकिन यांचे आहे. आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्ग येथे शिकलेल्या या संगीतकाराने भव्य वाद्यवृंदाऐवजी एका साध्या पोवाडावजा गीताने चित्रपटाचा आरंभ केला. नेड वॉशिंग्टन यांनी लिहिलेले हे गीत टेक्स रिटर यांनी गायिले. सूड घेण्यासाठी येणारा गुन्हेगार दुपारी बाराच्या गाडीने उतरणार आहे, गावकरी मदत नाकारतात आणि नुकतेच लग्न झालेला मार्शल विल केन एकटा पडतो, असे हे कथानक. गीत केनच्या मनातील आर्जव व्यक्त करते. गॅरी कूपर यांनी साकारलेला हा नायक अबोल आहे. जे तो बोलू शकत नाही ते गीत बोलते.

चित्रपटाची लांबी सुमारे ८५ मिनिटे असून कथाकाळही जवळजवळ तितकाच आहे. त्यामुळे घड्याळ हे येथे जणू एक पात्रच बनते. बारा वाजण्यापूर्वीच्या प्रसिद्ध दृश्यमालिकेत लंबक, रिकामे रस्ते आणि गावकऱ्यांचे चेहरे संगीताच्या ठोक्याबरोबर बदलत जातात. आगगाडीच्या शिट्टीने तो ताण तुटतो. संगीत, कालमापन आणि नैतिक परीक्षा यांची अशी एकात्मता विरळा. संगीत आणि गीत या दोन्हींसाठी तिओमकिन यांना ऑस्कर मिळाले.

मौनाची रचना

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने आणि संगीतकार एन्नियो मोरिकोने यांनी या परंपरेला वेगळे वळण दिले. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) मध्ये शीळ, चाबकाचा फटकारा, घंटा आणि विद्युत गिटार यांनी वाद्यवृंदाची जागा घेतली. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) मध्ये एकच छोटा स्वरसमूह तीन पात्रांसाठी बासरी, ओकारिना आणि मानवी आवाज अशा तीन नादांतून येतो. स्वर तेच, नाद वेगळे. तिन्ही माणसे मुळात एकाच लोभाची रूपे आहेत, हे संवादाशिवाय सूचित होते.

‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) मधील खिशातील घड्याळाची धून कथेतील पात्रांनाही ऐकू येते. ती संपताच गोळी झाडायची, असा द्वंद्वाचा नियम ठरतो आणि त्याच धुनेत एका मृत स्त्रीची स्मृती दडलेली असते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) साठी प्रमुख चाली चित्रीकरणापूर्वीच रचल्या गेल्या आणि चित्रीकरणस्थळी वाजविल्या गेल्या. अभिनेत्यांच्या हालचाली संगीताला अनुसरल्या. तरीही या चित्रपटाचा आरंभ रूढ अर्थाने संगीतहीन आहे. पवनचक्कीची करकर, टपकणारे पाणी आणि एक माशी एवढ्यावरच दीर्घ प्रतीक्षा उभी राहते. त्यानंतर येणारा माऊथऑर्गनचा बेसूर आक्रोश म्हणूनच अंगावर येतो. त्याचा अर्थ शेवटच्या स्मृतिदृश्यात उलगडतो. तेथवर प्रेक्षकाने जे केवळ एका पात्राची खूण म्हणून ऐकले, ते एका गुन्ह्याची साक्ष असल्याचे कळते.

ऐकू न आलेला पक्ष

या परंपरेची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ‘स्टेजकोच’मध्ये कड्यावर अपाची दिसताच संगीत एकदम भयसूचक होते. त्यांची बाजू मांडणारा संवाद चित्रपटात नाही. त्यामुळे त्यांच्याविषयीचा निवाडा संगीतच देऊन टाकते. ढोलाचे ठराविक आघात आणि पोकळ स्वरजोड्या हा मूळनिवासी समाजाचा साचा हॉलिवूडने वर्षानुवर्षे वापरला. जॉन बॅरी यांचे ‘डान्सेस विथ वुल्व्हज’ (१९९०) चे ऑस्करविजेते संगीत या समाजाकडे सहानुभूतीने पाहते, परंतु त्यातील मध्यवर्ती चाल गोऱ्या नायकाचीच आहे. दृष्टी बदलली, तरी ऐकण्याचे केंद्र तेच राहिले.

भारतीय पडसाद

रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’ (१९७५) मध्ये राहुलदेव बर्मन यांनी माऊथऑर्गनला दिलेले स्थान या संदर्भात अभ्यसनीय आहे. ते वाद्य भानू गुप्ता यांनी वाजविले होते. लिओने यांच्या चित्रपटात हे वाद्य सूडाचे आहे. ‘शोले’त जय ते सायंकाळी वाजवितो आणि समोर विधवा राधा दिवे मालवीत असते. समाजाने उच्चार नाकारलेल्या प्रेमाला तेथे वाद्याचा आवाज मिळतो. येथे अनुकरणाचे रूपांतर झाले आहे. ठाकूर कुटुंबाच्या हत्याकांडानंतर ऐकू येणारी झोपाळ्याची करकर मात्र लिओने-मोरिकोने यांच्या मौनाशी थेट नाते सांगते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वेस्टर्न संगीताची गुणवत्ता चालीच्या गोडव्यावरून ठरविता येत नाही. ‘हाय नून’मध्ये संगीताने काळाला नैतिक वजन दिले आणि मोरिकोने यांनी मौनाला अर्थ दिला. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ने कथेत नसलेला वेग निर्माण केला. त्याच साधनांनी एका समाजाला दीर्घकाळ केवळ भयाचा आवाज म्हणून उभे केले, हेही तितकेच खरे आहे. चित्रपटात कोणाला चाल मिळते आणि कोणाला केवळ ढोल, हा प्रश्न रसास्वादाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही. चित्रपट अध्यापनात पार्श्वसंगीताचा समावेश संहितेइतक्याच गांभीर्याने व्हावा, असे म्हणण्यास म्हणूनच आधार आहे.