'सपाट' या शब्दाविषयी

मुस्लिम मराठी कथेवरचे अभिप्राय वाचताना एक शब्द हमखास भेटतो : सपाट. निवेदन सपाट, व्यक्तिरेखा सपाट, शेवट सपाट. हा शब्द एकदा लिहिला की अधिक काही सांगण्याची गरज समीक्षकाला वाटत नाही. दुसऱ्यांना दोष देण्याआधी आमचीच कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका नव्या लेखिकेची कथा आमच्याकडे वाचायला आली होती. रमजानमधल्या एका दिवशी सहेरीपासून इफ्तारपर्यंत आई घरात काय काय करते, एवढेच तिच्यात होते. आम्ही समासात 'सपाट' असे लिहून ती परत केली. त्या लेखिकेची दुसरी कथा आमच्याकडे आली नाही. तो शब्द लिहिताना आम्हाला नेमके काय म्हणायचे होते, हे आता तपासणे भाग आहे.

समीक्षेतला हा शब्द आम्ही बाहेरून घेतला. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली कादंबरीवर दिलेल्या व्याख्यानांत पात्रांचे 'सपाट' आणि 'गोल' असे दोन प्रकार पाडले. एकाच कल्पनेभोवती उभे केलेले पात्र सपाट. आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करणारे पात्र गोल. पण फॉर्स्टर सपाट पात्रांना हिणवत नव्हते. ती चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात, हे त्यांनी सांगितले. डिकन्सची बहुतेक पात्रे सपाट असूनही जिवंत वाटतात, हेही त्यांनी मान्य केले. आपल्याकडे वर्गीकरण तेवढे उचलले गेले, ही सवलत वाटेत गळाली.

आता हा शब्द आमच्या घरात कशाकशाला लागतो ते पाहू. तवा सपाट, पोळपाट सपाट, पाटा सपाट, जमिनीवर अंथरलेली चटई सपाट. कोकणातला सडा सपाट, सोलापूर-मराठवाड्याकडचे माळवद सपाट. यातली एकही गोष्ट सपाट आहे म्हणून कुणाला नावडती नाही. उलट तव्याला पोक आला तर भाकरी एकीकडे करपते, दुसरीकडे कच्ची राहते.

पाट्याची गोष्ट जरा निराळी आहे. पाटा सपाट हवा, पण गुळगुळीत चालत नाही. वापरून झिजला की मसाला नुसता सरकत राहतो, वाटला जात नाही. मग टाकीवाल्या बाईला हाक मारायची. ती छिन्नी-हातोडीने पाट्यावर बारीक खाचा पाडते. टाकी लावलेला पाटा लांबून पूर्वीइतकाच सपाट दिसतो. फरक हात फिरवल्यावर कळतो. सपाट आणि गुळगुळीत यांतला हा भेद आमच्या आया-बहिणींना ठाऊक होता. समीक्षा लिहिताना आम्ही तो विसरलो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांना पिढ्यान् पिढ्या ओसाड, निकामी कातळ म्हटले गेले. त्याच कातळात माणसे, मासे, हत्ती कोरलेले आहेत. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा की त्याच्या देहात इतर प्राणी कोरले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती पाहायची तर खाली वाकून पाहावे लागते.

माळवदाचे तसेच. त्यावर शेवया वाळतात, उन्हाळ्यात माणसे झोपतात, ईदचा चांद तिथूनच शोधला जातो. गळू नये म्हणून त्यावर मातीचे थर चढत जातात, आणि वरून ते सपाटच दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांची माळवदे कोसळली आणि हजारो माणसे त्याखाली गेली. वर्षानुवर्षे साठलेले वजन वरून कुणाला दिसले नव्हते.

असे वजन निवेदनातही असू शकते. हमीद दलवाईंची 'इंधन' ही १९६५ ची कादंबरी पाहावी. दलवाईंच्या सामाजिक भूमिकांशी आमच्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत. ते क्षणभर बाजूला ठेवावेत. पंधरा वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक आजारी माणूस जे दिसते ते सांगत जातो. अलंकार नाहीत, हुंदके नाहीत. गावातल्या माणसांचे संबंध बिघडत जातात आणि त्याचा आवाज मात्र फारसा चढत नाही. या निवेदनालाही कुणी सपाट म्हणू शकेल. पण थरावर थर चढत असल्याचे वाचकाला जाणवत राहते, आणि शेवटी ते सारे अंगावर येते.

मग आमच्या कथांत दोष नाही का? आहे, पण तो गुळगुळीतपणाचा आहे. एकतर देवमाणूस नाहीतर खलनायक असा मौलवी, फक्त रडण्यासाठी आणलेली तलाकपीडित स्त्री, शेवटच्या परिच्छेदात शीरखुर्मा प्यायला येणारा हिंदू मित्र, आणि त्याच्या तोंडचे एकोप्याचे तयार वाक्य. अशा कथांत चढउतार पुष्कळ असतात, प्रसंग रंगतात, टाळ्याही मिळतात. वाचकाचे मन मात्र त्यांवरून सरकून जाते. अशा कथांना आम्ही 'सपाट' म्हटले नाही, हे विशेष.

परत केलेल्या त्या कथेतले एक वाक्य आता आठवते. इफ्तारच्या आधी आई ताटलीत सहा खजूर मोजून ठेवते. घरात माणसे पाच होती. सहावा खजूर कुणाचा, हे लेखिकेने कुठेच सांगितले नव्हते. आम्ही ते वाक्य वाचले आणि पुढे गेलो. खाच तिथे होती. आम्ही हात फिरवला नाही.

यापुढे एखाद्या कथेला सपाट म्हणायचे झाले, तर मन नेमके कोणत्या ओळीवरून सरकले ती ओळ शेजारी लिहावी, एवढा नियम आम्ही स्वतःला घालून घेत आहोत. आणि हा अंक त्या लेखिकेच्या हाती पडलाच, तर तिने ती कथा पुन्हा पाठवावी.