प्रकरणांची नावं काय सांगतात?

मंडळी, रचना म्हटलं की आपण कादंबरीकडे बघतो. संशोधनात मजकूर महत्त्वाचा, मांडणी गौण, असा आपला समज. इरावती कर्वे यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा १९५३चा इंग्रजी ग्रंथ प्रदेशवार रचलेला आहे. तिथे मामा, दीर, नणंद आहेत, पण ती नाती म्हणून. बोलतो तो नियम. ‘युगान्त’ (१९६७) मात्र बहुतांशी व्यक्तिवार आहे : गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण. नात्यांचं ज्ञान तेच, पण प्रश्न बदलला. या बाईनं असं का केलं? आता नियमामागे लपता येत नाही. प्रकरणांची विभागणी हाच तिथे युक्तिवाद आहे.

या चौकटीत एक अडचण आहेच. ज्याला नाव नाही, त्याला प्रकरण नाही. म्हणून ‘मयसभा’ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. खांडववनात होरपळलेल्यांचं काय, हे विचारताना बाई स्वतःचीच चौकट मोडतात.

आणि गंमत बघा, १९६३ साली नेमाड्यांच्या ‘कोसला’त उलटं घडलं होतं. कादंबरीनं डायरी घेतली, इतिहाससंशोधनाची नक्कलही केली. पांडुरंग सांगवीकरचं जगणं चढत्या कथानकात बसणारंच नव्हतं.

आपण प्रबंधाच्या विद्यार्थ्याला मात्र एकच साचा देतो : प्रस्तावना, पूर्वसंशोधन, गृहीतक, निष्कर्ष. त्यात ‘युगान्त’ बसवून बघा हो. कुंती परिशिष्टात जाईल.