आधी श्रवण : कीर्तनाच्या मिक्सरची चिकित्सा

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी नवविधा भक्तीचे विवरण केले आहे. त्यात पहिला समास श्रवणाचा, दुसरा कीर्तनाचा. ऐकणे आधी, सांगणे नंतर. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. कीर्तनकार घसा ताणून बोलतात, भोंग्यांतून आवाज शिवारापर्यंत जातो आणि मंडपातल्या शेवटच्या रांगेला दृष्टान्त कळत नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. याचे खापर साऊंडवाल्यावर फोडले जाते. माझ्या मते दोष बराच आधी, मिक्सरच्या आराखड्यातच असतो.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टींची चिकित्सा करायची आहे. एक, बाजारात मिळणारा तयार मिक्सर. दुसरी, डग्लस सेल्फ यांचा ‘स्मॉल सिग्नल ऑडिओ डिझाइन’ हा ग्रंथ. त्याच्या आधारे मी आठ चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर स्वतः बांधला. माझे शिक्षण रेडिओदुरुस्तीच्या टेबलावर झालेले. त्यामुळे मांडणीत शास्त्रापेक्षा हाताचा अनुभव जास्त आहे, हे आधीच सांगतो.

आधी बाजारचा मिक्सर पाहू. लहान मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलवर बहुधा तीन गुंड्या असतात. खर्ज साधारण ८० हर्ट्झला, मध्य २.५ किलोहर्ट्झला आणि तार १२ किलोहर्ट्झला. ही वाटणी सर्वसाधारण संगीतासाठी ठीक आहे. पण मराठी बोलण्यातली स्पष्टता क, त, स, च अशा व्यंजनांवर उभी असते आणि ती मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. भोंगा नेमका याच पट्ट्यात आधीच कर्कश असतो. शब्द उठावा म्हणून मधली गुंडी वाढवली की शिट्टी बसते. शिट्टी घालवायला कमी केली की शब्द बसतो. गुंडीची जागा पक्की असल्यामुळे नेमकी टोचणारी कंप्रता तेवढी कापून बाकीचा पट्टा राखणे साऊंडवाल्याच्या हातात उरतच नाही.

याहून मोठा अपराधी म्हणजे एको. स्वस्त मिक्सरमध्ये त्यासाठी बहुधा पीटी-२३९९ ही चिप असते. तिचा विलंब सुमारे ३० ते ३४० मिलिसेकंद ठेवता येतो. आपण साधे बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला २०० ते २५० मिलिसेकंद. एको २५० वर ठेवला की प्रत्येक अक्षराची सावली बरोबर पुढच्या अक्षरावर पडते. निरूपण रंगात येऊन गती वाढली की सावल्यांचाच ढीग होतो. तरीही एकोची गुंडी दर्शनी भागावर, मोठी आणि ठसठशीत असते. यंत्राचा दर्शनी भाग म्हणजे काय महत्त्वाचे आहे याविषयी बनवणाऱ्याने दिलेला निकालच. बाजारच्या मिक्सरचा निकाल असा की भव्यता महत्त्वाची.

आता ग्रंथाकडे वळू. सेल्फ हे साऊंडक्राफ्ट या ब्रिटिश मिक्सर कंपनीत मुख्य आरेखन अभियंता होते. ग्रंथाची पहिली आवृत्ती २०१० ची. या माणसाचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. आवाजाच्या धंद्यात ‘ऊबदार’, ‘गोड’ अशी विशेषणे उधळली जातात, तिथे ते आकडे मांडतात. २०० ओहमच्या माइकचा स्वतःचा उष्णताजन्य खरखराट २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उणे १२९.६ डीबीयू असतो. त्याखाली कोणीही जाऊ शकत नाही. आठ चॅनेल एका बेरीज-अ‍ॅम्प्लिफायरवर आणले की त्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा खरखराट नऊपट, म्हणजे १९ डेसिबल वाढतो. चोवीस चॅनेल आणले की पंचवीसपट, म्हणजे २८ डेसिबल. चॅनेल वाढवण्याची हौस किती महाग पडते, हे मला या हिशेबाने कळले. म्हणून मी आठवर थांबलो.

पण ग्रंथातला आदर्श शांत खोलीतला आहे. मी पहिला मिक्सर खरखराटाचा आकडा समोर ठेवून बांधला. सगळीकडे ५५३२ ही चिप वापरली. अंबड तालुक्यातल्या एका सप्ताहात तो लावला, तर भोंग्यातून घूंऽऽ असा अखंड आवाज. रात्रभर मी मंडलात दोष शोधत बसलो. सकाळी कळले, सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला तारच नव्हती आणि माइकची केबल जनरेटरच्या वायरीला लगटून शंभर फूट गेली होती. शेकडो माणसे, पंखे आणि जनरेटर असलेल्या मंडपात मी मायक्रोव्होल्टचा खरखराट वाचवत होतो!

खरा उपाय त्याच ग्रंथात होता, मी तो नीट वाचला नव्हता. बॅलन्स्ड केबलच्या दोन्ही तारांत शिरलेली घुंई सारखीच असते. त्यांची वजाबाकी केली की ती जाते. पण वजाबाकी करणारे चार रेझिस्टर एक टक्का फरकाचे असतील, तर वाईटात वाईट स्थितीत घुंई पन्नासपटीनेच घटते. ०.१ टक्क्याचे घेतले तर पाचशेपटीने. महागड्या चिपपेक्षा हे चार रेझिस्टर मोलाचे. एका ५५३२ ला साधारण ८ मिलिअँपिअर लागतात. चाळीस चिपांना ३२०. तेवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो आणि तोच घुंईचे घर असतो. दुसऱ्या मिक्सरमध्ये मी चिपा कमी केल्या आणि ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत, दोन मीटर दूर ठेवला.

तरी एक प्रश्न उरतोच आणि तो सेल्फ यांच्या कक्षेतला नाही. मंडल स्वच्छ कसे करावे हे ते शिकवतात. काय ऐकू यावे हे प्रत्येक परंपरेने आपले आपण ठरवायचे असते. वारकरी कीर्तनात एकच माणूस, एकाच माइकवर, कधी अभंगाची चाल म्हणतो आणि कधी निरूपण करतो. चालीला पखवाज, टाळ, हार्मोनियम, थोडा एकोही शोभतो. कीर्तनकार स्वतःच एको मागतात, ते चालीपुरते रास्तच आहे. पण पुढच्याच क्षणी दृष्टान्त सुरू होतो, तेव्हा हे सगळे मागे सरायला हवे. हा बदल तासाभरात अनेकदा होतो. सहा गुंड्या फिरवेपर्यंत दृष्टान्त अर्धा झालेला असतो.

म्हणून माझ्या मिक्सरवर एक साधे बटण आहे, त्यावर ‘निरूपण’ असे लिहिले आहे. ते दाबले की कीर्तनकाराच्या चॅनेलचा एको बंद होतो आणि साथीचा सगळा गट १० डेसिबल खाली जातो. सोडले की चाल पूर्ववत. त्या चॅनेलला १२० हर्ट्झखालचे कापणारा फिल्टर आणि जागा बदलता येणारी मध्यगुंडी आहे. टाळाला माइकच नाही. टाळ सगळ्या माइकांत आपोआप येतो.

डिजिटल मिक्सरवर हे सारे करता येते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. ज्याला परवडेल आणि चालवता येईल त्याने जरूर घ्यावा. पण सप्ताहाच्या पाचव्या दिवशी यंत्र मुके झाले, तर सॉकेटमधली चिप बदलून रात्रीच्या कीर्तनाला उभे राहता येते, हा अ‍ॅनालॉगचा गुण तालुक्याच्या गावी लहान नाही. शिवाय डिजिटलमध्येही ते बटण कोणीतरी ठरवून तयार करावे लागते. यंत्र बदलल्याने विचार आपोआप येत नाही.

मिक्सर घेणाऱ्या सप्ताह समित्यांना एकच सुचवतो. दुकानात गाणे लावून पारख करू नका. एखाद्याला माइकवर दृष्टान्त सांगायला लावा, सोबत पखवाज वाजू द्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. जो शब्द चुकला तो लिहून ठेवा. खर्च कशावर करायचा, हे ती यादीच सांगेल.