चेहरे आठवतात, काम दिसत नाही

ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड २०२० च्या जुलैत पॅरिसमध्ये वारली तेव्हा ती १०४ वर्षांची होती. त्यानंतर मराठी पुरवण्यांमधून तिच्यावर जे आलं, त्यातून तिच्याबद्दल तीन गोष्टी कळत होत्या: 'गॉन विथ द विंड'मधली सोशिक मेलनी, एरॉल फ्लिनबरोबरची जोडी आणि धाकटी बहीण जोन फॉन्टेनशी जन्मभर चाललेलं वैर. सिडनी पॉटिए २०२२ च्या जानेवारीत गेला तेव्हा ऑस्करच्या उल्लेखावर भागलं. २०२५ च्या सप्टेंबरात रॉबर्ट रेडफर्ड गेला तेव्हा त्याच्या देखणेपणानेच निम्मी जागा घेतली. या माणसांनी पडद्यावर नेमकं काय केलं, हे कुणी सांगेल तर शपथ. विल्यम वायलरच्या 'द एअरेस'मध्ये (१९४९) एक जिना आहे. पळून जाऊन लग्न करायचं ठरलेल्या रात्री कॅथरिन सामान बांधून दिवाणखान्यात वाट पाहते, प्रियकर येत नाही, आणि ती बॅग उचलून तोच जिना परत चढते. डी हॅव्हिलँड इथे रडत नाही. तिचा एक खांदा बॅगेच्या वजनाने खाली ओढला गेला आहे, प्रत्येक पायरीवर पाय आधी ठरवतो आणि मग शरीर त्याच्यामागे जातं. चित्रपटाच्या शेवटी तोच प्रियकर दार ठोठावत असताना ती दाराला कडी घालायला लावते आणि हातात दिवा घेऊन पुन्हा तो जिना चढते. आता पाठ ताठ आहे, पावलं एकसारखी आहेत, आणि ही चाल पाहून तिच्यासाठी आनंद मानावा की भीती वाटून घ्यावी हे प्रेक्षकाला कळत नाही. तिचं दुसरं ऑस्कर या चित्रपटाचं. बहिणींच्या भांडणावर रकाने भरणाऱ्यांना या जिन्यासाठी चार ओळी सापडल्या नाहीत, ही माझी तक्रार आहे, आणि ती एका नटीपुरती नाही.

जुन्या हॉलिवूडवरचं मराठी लेखन आज मुबलक आहे. जयंती-पुण्यतिथीला ते येतं, दिवाळी अंकांत येतं, आणि वाचलंही जातं. त्यातला मोठा भाग शिरीष कणेकरांच्या शैलीच्या उसनवारीवर चालतो. कणेकरांची लय त्यांच्या अंगची होती, अनुकरण करणाऱ्यांच्या हाती फक्त लकबी लागल्या. दुसरा गट चोऱ्या पकडतो: 'चोरी चोरी' हा 'इट हॅपन्ड वन नाइट', 'सत्ते पे सत्ता' हा 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'. पंचनामा झाला की लेख संपतो. तिसरा गट कथानक सांगतो आणि शेवट मात्र राखून ठेवतो. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. फिल्म सोसायटीच्या चळवळीने आपल्याला बर्गमन, कुरोसावा, सत्यजित राय पाहायला शिकवलं, हे तिचं ऋण मोठं आहे. पण तिच्या अनेक कार्यकर्त्यांनी त्रुफोचे चित्रपट डोक्यावर घेतले आणि त्रुफोने ज्यांच्यावर जीव ओवाळला त्या हिचकॉकला आणि हॉक्सला करमणुकीच्या खात्यात टाकलं. पॅरिसच्या तरुण समीक्षकांनी १९५० च्या दशकात स्टुडिओच्या चाकोरीतल्या दिग्दर्शकांमध्ये कलावंत ओळखला, तो धडा आपल्याकडे अर्धाच पोहोचला.

मला जे लेखन हवं आहे ते मराठीत अजिबात नाही, असं नाही. अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक हॉलिवूडवर नाही, पण हॉलिवूडवर कसं लिहावं हे शिकायचं तर ते उघडून बसावं. खोपकर गुरुदत्तच्या आयुष्यातल्या शोकांतिकेकडे चित्रपटांतून जातात. प्रकाश कुठून येतो, गाणं सुरू होताना कॅमेरा कुणाकडे सरकतो, चेहरा अंधारात केव्हा बुडतो, याची ते नोंद ठेवतात, आणि वाचकाला व्यक्तीबद्दल जे कळतं ते या नोंदींमधून कळतं. अकाली मृत्यूची हळहळ विकायची सोय असताना त्यांनी ती विकली नाही. नांदेडला राहून जगभरच्या चित्रपटांवर चिकाटीने लिहिणारे विजय पाडळकर याच वाटेवरचे. त्यांच्या लेखनात प्रसंग उलगडतो, वाचक तो मनात पाहू शकतो, आणि मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहांपासून लांब असणं ही उणीव राहत नाही, कारण सगळी भिस्त पाहण्यावर आहे. ही वृत्ती मराठीत वाढली असती तर आज हॉलिवूडच्या ताऱ्यांवर आपल्याकडे उत्तम पुस्तकं असती. ती वाढली नाही, कारण तारा म्हणजे एक मोहक चेहरा आणि त्यामागचं खासगी दुःख, ही समजूत आपण सोडायला तयार नाही.

तारा हा आधी मजूर असतो, पगारी आणि करारबद्ध. डी हॅव्हिलँडचा वॉर्नर ब्रदर्सशी सात वर्षांचा करार होता. नको असलेली भूमिका नाकारली की स्टुडिओ नटीला बिनपगारी बसवायचा आणि तो काळ कराराच्या शेवटी जोडायचा, म्हणजे सात वर्षं कधी संपायचीच नाहीत. बेट डेव्हिसने याच कंपनीशी १९३६ मध्ये लंडनच्या न्यायालयात भांडण करून पाहिलं होतं आणि ती हरली होती. डी हॅव्हिलँडने १९४३ मध्ये दावा लावला, पुढची सुमारे दोन वर्षं तिला कुणी काम दिलं नाही, पण ती जिंकली, आणि सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं हा निकाल कॅलिफोर्नियात आजही तिच्या नावाने ओळखला जातो. 'द एअरेस'मधलं, दार बंद करून जिना चढणं या लढाईनंतरचं आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. १९३९ च्या जुलैत शांता आपटे पुण्याला प्रभात स्टुडिओच्या फाटकावर कराराच्या वादातून उपोषणाला बसल्या होत्या. 'कुंकू'मधल्या नीराने जरठ नवऱ्यापुढे मान तुकवली नाही, आणि ती भूमिका करणाऱ्या बाईने दोन वर्षांत मालकांपुढे तुकवली नाही. पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यात कामगाराचं काय होतं हे मांडलं. हॉलिवूडच्या स्टुडिओव्यवस्थेवर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे पुस्तक असायला हवं. मी वाचलेल्या लेखांत त्याचा उल्लेख आढळत नाही. डेव्हिस, आपटे आणि डी हॅव्हिलँड या तिघींची हकिगत एकत्र ठेवली की नट्यांचे 'नखरे' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या किश्शांचा अर्थ बदलतो.

वर्धा जिल्ह्यातून पाहणाऱ्याला तर यापेक्षा जवळचा धागा आहे. २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या पूर्व भागात एका डॉक्टरांच्या घरी गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन भेटले. यंत्रांना तुमचा विरोध का, असं चॅप्लिनने विचारलं, आणि यंत्रांनीच आम्हाला इंग्लंडवर अवलंबून केलं, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. हा संवाद त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे. १९३६ च्या फेब्रुवारीत 'मॉडर्न टाइम्स' झळकला, आणि त्याच वर्षी एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. यावरून 'मॉडर्न टाइम्स' हा गांधींचा चित्रपट, असा निष्कर्ष आपल्याकडे दर २ ऑक्टोबरला निघतो. तो कच्चा आहे. डेट्रॉइटच्या कारखान्यांतल्या सरकत्या पट्ट्याविषयी एका तरुण बातमीदाराने जे सांगितलं त्यातून कल्पना सुचली, असं चॅप्लिन स्वतःच म्हणतो. भेटीचा किस्सा सांगून थांबणारे लेख चित्रपटापर्यंत जातच नाहीत, आणि वर्ध्याच्या माणसाला जे दिसायला हवं ते चित्रपटातच आहे.

जेवण भरवणाऱ्या यंत्राचा प्रसंग घ्या. यंत्राची महती विक्रेता स्वतः सांगत नाही, तबकडी सांगते. या चित्रपटात माणसाचा बोललेला आवाज बहुतेक यंत्रातूनच येतो. चार्लीला यंत्रात उभं करून त्याचे हात अडकवले जातात. फिरतं ताट येतं, एक दांडी घास तोंडात ढकलते, सूपची बशी आपोआप कलते, मक्याचं कणीस ओठांसमोर गरगर फिरतं, आणि दर खेपेला एक बोळा येऊन तोंड पुसतो. मग यंत्र बिघडतं, कणीस सुसाट सुटतं, दुरुस्ती करणारा ताटात ठेवून विसरलेले लोखंडी नट घासांच्या जागी तोंडात जातात, आणि बोळा मात्र तितक्याच सभ्यपणे तोंड पुसत राहतो. ज्याची सगळी कला हातापायांत त्या नटाने इथे स्वतःचे हात बांधून घेतले आहेत. उरतात मान, भुवया आणि डोळे. पहिल्या घासाला डोळ्यांत पाहुण्याचा संकोच आहे, कणसाच्या वेळी घाबरगुंडी, आणि बोळ्याच्या प्रत्येक फेरीला क्षणभर येणारी, मार खाताखाता राखलेली अदब. हाताला काम नाकारलं की माणसाचं काय होतं, हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत मांडलं, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यावर ठेवला. त्या विचाराशी वाढलेल्या जिल्ह्यातून या बांधलेल्या हातांवर एक भरीव निबंध येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाजवळ आणखीही भांडवल आहे. बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'वर (१९५९) मराठीत लिहिताना मॅरिलिन मन्रो सेटवर उशिरा यायची, वाक्यं विसरायची, एवढं हटकून येतं. शिकागोच्या फलाटावरचा तो प्रसंग मात्र कुणी घेत नाही: बायकांच्या वेषातला जॅक लेमन उंच टाचांवर लटपटतो, मन्रो पुढून जाते, गाडीची वाफ तिच्या अंगावर येते, ती दचकून उडी मारते आणि चाल न मोडता पुढे निघून जाते. लेमन ते विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पाहतो. टोनी कर्टिसची स्त्री पूर्ण वेळ सावध आणि तोऱ्यात राहते. लेमनची स्त्री हळूहळू स्वतःवर खूश होत जाते. लग्न ठरल्याची बातमी तो हातातले खुळखुळे वाजवत देतो, कारण हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य अडवून धरायला वाइल्डरला काहीतरी हवं होतं. पुरुषाने केलेली स्त्री कुठे सोंग असते आणि कुठे रूप होते, हे बालगंधर्वांची रुक्मिणी आणि सिंधू पाहिलेल्या पिढ्यांनी आपल्याला शिकवून ठेवलं आहे. विदर्भात खडी गंमत या लोकनाट्यातला नाच्या ज्यांनी जवळून पाहिला त्यांना हशा धरून ठेवायचं कसबही माहीत आहे. न्यूयॉर्कच्या समीक्षकाजवळ नसलेली ही नजर वापरायची सोडून आपण त्याच्याच चरित्रग्रंथांतले किस्से उतरवून काढतो.

यावर तीन आक्षेप येतात. हॉलिवूड हा साम्राज्याचा आणि डॉलरचा प्रचार होता, त्याचं कौतुक कशाला, हा पहिला. प्रचार होताच. 'गंगा दिन'वर (१९३९) मुंबई प्रांतात बंदी आली ती उगाच नव्हे, आणि बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया'तून अशा चित्रपटांवर जी झोड उठवली ती योग्य होती. पण पटेल पडद्यावर काय दाखवलंय त्यावर संतापले होते. संताप असो की प्रेम, ते पाहिल्यावरच सिद्ध होतं. दुसरा आक्षेप वर्धा जिल्ह्यात हमखास येतो: गांधीजींना सिनेमा मान्य नव्हता. १९२७ मध्ये सिनेमा चौकशी समितीला त्यांनी कळवलं की आपण सिनेमाला कधी गेलेलो नाही आणि त्याने केलेलं नुकसान बाहेरच्यालाही दिसतं. १९४४ मध्ये जुहूच्या मुक्कामात त्यांना दाखवला गेलेला हॉलिवूडपट 'मिशन टू मॉस्को' हा 'कॅसाब्लांका'वाल्या मायकेल कर्टिझचाच होता, आणि तो त्यांना रुचला नाही. त्यांचं मत त्यांच्यापाशी. पण १९२७ मध्ये न पाहता दिलेलं मत पाहणाऱ्यावर बंधनकारक होऊ शकत नाही, आणि कामाची कदर करायला शिकवणाऱ्या परंपरेने नटाच्या कामाकडे पाठ फिरवावी, यात मला गांधीविचारही दिसत नाही.

तिसरा आक्षेप संपादकांचा आहे: वाचकाला किस्सेच हवे असतात. हे मला मुळीच मान्य नाही. क्रिकेटवर लिहिताना गावसकरचा स्ट्रेट ड्राइव्ह कसा बसला हे मराठी वाचक आवडीने वाचतो. पुढचा पाय, डोकं, मनगट, सगळं. गाण्यावर लिहिताना कुमार गंधर्वांनी स्वर कुठे सोडला हे तो वाचतो. मग चित्रपटाच्याच वाचकाला आपण अडाणी का समजतो? पूर्वी चित्रपट पाहायलाच मिळत नाहीत अशी सबब होती. एकेकाळी विदर्भातल्या रसिकाला इंग्रजी चित्रपटासाठी नागपूर गाठावं लागायचं, आणि एकदा हुकला की हुकला. आज 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) कुणालाही फुकट पाहता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. रोझलिंड रसेल एका हाताने टेलिफोन धरून, दुसऱ्याने टंकत, केरी ग्रँटच्या वाक्यावर वाक्य कशी चढवते हे दहादा तपासता येतं. ग्रँट मुळात ब्रिस्टलहून आलेला कसरतपटू होता, हे त्याच्या वाकण्या-वळण्यात दिसतं. तेवढं दाखवून द्यायला इंग्रजी चरित्र वाचावं लागत नाही. ज्याला हे करायचं नाही त्याने हॉलिवूडवर लिहू नये. संपादकांना माझी मागणी छोटी आहे: पुढच्या मृत्युलेखाला आठशे शब्द देणार असाल तर त्यातले चारशे एका प्रसंगासाठी राखून ठेवा, लेखकाकडून ते वसूल करा, आणि बहिणींचं भांडण उरलेल्या चारशेत मावत नसेल तर ते गाळा.