'रामबाण' या शब्दाची चिकित्सा

साताऱ्यातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी रंगवलेला एक तक्ता पाहिला. काळ्या पेशीत बाण रुतलेला, वर कोपऱ्यात तळपता सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत 'लक्ष्यवेधी औषध : मेलॅनोमावर रामबाण'. तक्ता मेहनतीने केला होता. माझी तक्रार आहे ती बाणाबद्दल आणि सूर्याबद्दल. (बाण मुलांनी आम्हा संशोधकांच्याच लेखांतून उचलला असणार, हेही कबूल करतो.)

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. पेशीने विभागावे की नाही, हा संदेश बाहेरून केंद्रकापर्यंत प्रथिनांच्या साखळीतून पोचतो. त्वचेच्या अनेक मेलॅनोमांत या साखळीतील 'बीरॅफ' नावाची कडी बिघडलेली असते, असे २००२ साली आढळले. बहुतेक वेळा ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलेले असते. सिकलसेल शिकवताना आपण सांगतो, त्याच्या नेमके उलट! मग कालव्याचे दार उघडेच अडकून बसावे, तसा विभाजनाचा संदेश अखंड वाहत राहतो.

वेम्युराफेनिब हे औषध ते दार बंद करते. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. बीरॅफ बिघडलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. तक्ता इथेच थांबतो. पण सहा-सात महिन्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार पुन्हा बळावला होता. धोमच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्या मुलांना हे चटकन उमगेल : एक चारी अडवली की पाणी दुसरीने वाट काढते. मात्र ही उपमाही पुरती खरी नाही. पेशी वाट शोधत नाहीत. कोट्यवधी पेशींपैकी काहींत वेगळा बदल आधीच असतो किंवा नंतर घडतो. औषधात त्याच तगतात आणि वाढतात. दहावीच्या वर्गात नैसर्गिक निवड शिकवायला याहून ताजे उदाहरण कोणते?

आणखी एक गोष्ट बाणाच्या चित्रात बसतच नाही. निरोगी पेशींत बीरॅफचे रेणू जोडीने काम करतात. औषधाने एकाला धरले की जोडीदाराला चेव येतो आणि संदेश उलट वाढतो. म्हणून काही रुग्णांच्या त्वचेवर दुसऱ्याच प्रकारच्या गाठी उठल्या. साखळीतील पुढची कडी 'मेक', तिलाही रोखणारे औषध जोडीला दिल्यावर हा त्रास घटला. अशा जोडऔषधांवरील सुमारे एकतृतीयांश रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. ही खरोखर मोठी मजल आहे, पण तिला रामबाण म्हणवत नाही.

आता सूर्य. गोऱ्या लोकांत उन्हाचा संबंध ठळक आहे. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात विरळा, आणि झाला तर पुष्कळदा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली होतो. तिथे ऊन फारसे पोचत नाही. अशा मेलॅनोमांत बीरॅफचा हा बिघाडही कमी आढळतो. म्हणजे जनुकतपासणीशिवाय या औषधाचे नाव काढण्यात अर्थ नाही. सूर्याचा तक्ता पाहून घरी गेलेला मुलगा आजीच्या टाचेवरचा काळा डाग पाहून काय म्हणेल? काटा मोडला असेल, कुरूप असेल. आणि पातळ असतानाच कापून काढला, तर हा रोग बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच बरा होतो.

तक्त्याजवळच्या मुलीला मी हे सांगितले. तिने विचारले, "मग डाग किती दिवस थांबून दाखवायचा?" म्हटले, पसरत असेल, आकार वा रंग बदलत असेल, रक्त येत असेल, तर थांबायचेच नाही. तिने खडूने सूर्याखाली एक तळपाय काढला.